फिरती पाटी

हिरवी पाटी येते महिन्यातून दोनदा,
दाराच्या मुठीला अडकवलेल्या पिशवीत.
आत गल्लीच्या बातम्या.
रविवारी सकाळी सहाला गटारं उपसायची, फावडं आपापलं आणावं.
शाळेमागे अस्वल दिसलं, काकी झाडावर ठेवू नयेत.
(काकी हे फळ, हे कळायला मला पहिला ऑक्टोबर लागला.)
एक राखाडी मांजर हरवलंय,
शेपूट आखूड, हाकेला ओ देत नाही.

मी अक्षरांवर फोन धरतो, तो भाषांतर करून सांगतो:
"अस्वलास कृपया विनंती नाही."
एवढ्यावर मी नामेरिकावात तीन वर्षं काढली.

शेवटच्या पानावर अकरा घरं.
वाचून झालं की आपल्या नावासमोर शिक्का,
आणि पाटी पुढच्या घरी.
माझं घर आठवं. पोफळे.
यांच्या लिपीत ळ नाही, खरं तर ल सुद्धा नाही.
शिक्केवाल्याने दोनदा विचारलं,
तिसऱ्यांदा माझ्याकडे न बघता कोरलं
पोफारे.
पगार पोफारेला येतो, गॅसचं बिल पोफारे भरतो,
दाताचा डॉक्टर पोफारेला आ करायला सांगतो,
आत टाळूला उलटी टेकलेली
माझी जीभ.

नववं घर नुकादा बाईंचं.
पाटी गुपचूप अडकवून निघायचं, घंटी वाजवायची नाही,
हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.
पहिल्या एप्रिलमध्ये मी वाजवली.
त्या हात पुसत आल्या, उंबऱ्याशी गुडघे टेकून बसल्या,
थांब म्हणाल्या,
आणि निळ्या झाकणाचा डबा दिला.
उकडलेले होतारु-इका, करंगळीएवढे,
प्रत्येकाला दोन डोळे.
आमच्याकडे अंडंसुद्धा गॅलरीत स्टोव्हवर शिजायचं.
मी एक खाल्ला, उभ्याने, नळ सोडून.
बाकीच्यांचं काय झालं ते त्या राखाडी मांजराला विचारा.

डबा रिकामा परत करायचा नाही, हे इथेही तसंच.
मी शेंगदाण्याचे लाडू दिले, ओकिनावाच्या काळ्या साखरेतले.
मुळ्याचं लोणचं आलं.
शंकरपाळे गेले.
असा तीन वर्षं तो डबा चालला,
आमच्या दोघांपेक्षा चांगलं बोलायचा.
सध्या माझ्याकडे आहे, मोहरी भरून ठेवलीय त्यात.

या खेपेला यादीत
नवव्या ओळीवर दोन रेघा, पट्टी लावून मारलेल्या.
कोणी गेलं असं पाटीत कुठेच नाही.
गटारं आहेत, अस्वल आहे, मांजर आहे.
मागच्या आठवड्यात माझी रात्रपाळी होती,
कारखान्यात बेअरिंगं मोजून सकाळी येताना
त्यांच्या दाराशी खूप काळे बूट पाहिले होते मी.
वाटलं, नातवंडं आली.

शिक्का मारला. चपला घातल्या.
आठनंतर दहा, हिराहातांकडे जायचं.
पाय नऊवर थांबले.
अंगणातलं झाड लगडलेलं, खाली दोन फळं फुटलेली,
वीजमीटरचं चाक बंद.
झाडावर ठेवू नयेत, असं लिहून आलंय.
मी घरी गेलो, मोहरी वाटीत ओतली, डबा धुतला
आणि हाताला येतील तेवढी काकी तोडली.
सहा बसली. सातव्याला झाकण लागेना.

ओट्याखालून काहीतरी हललं.
राखाडी. आखूड शेपटीचं.
मी म्हटलं, ये रे बाळ.
त्याने मान वळवली.

आता पाटीवरच्या नंबरावर फोन करायला हवा.
मांजर कुठे सापडलं विचारतील,
कोण बोलतंय विचारतील.
गारा सुरू झाल्यात, डबा जड आहे,
हिराहातांच्या खिडकीत दिवा लागलाय.