वाढप

जूनच्या पहिल्या शुक्रवारी
स्टीलचे ट्रे पालथे घालून
आम्ही शाळेच्या स्वयंपाकघरातले दिवे मालवले.
बर्निसनं केसांवरची जाळी ओढून काढली,
म्हणाली, सुटलो एकदाचे.
मी म्हटलं, हो.
दोनशे चाळीस पोरांची दुपारची जेवणंही सुटली,
हे दोघींनीही बोलून दाखवलं नाही.

माझ्या भाषेत एकच क्रियापद आहे.
मी वाढते.
पोरं वाढतात.
एकदा बर्निसला हे समजावायला गेले,
डाव हातात तसाच, रांग खोळंबलेली.
ती म्हणाली, आधी मका घाल.

नऊ महिन्यांत पाठ होतात
पोरांचे चार आकडी नंबर आणि कोण काय टाकतं ते.
टेव्हिन, सात शून्य एक चार,
वाटाणे टाकतो.
शुक्रवारी टाकत नाही.
शुक्रवारी वाटाणे खातो, शेजारच्याचंही दूध पितो,
आणि सोमवारी
रांगेत सगळ्यांच्या पुढे असतो.

उन्हाळ्यात मी किराणा दुकानात, तीन नंबरच्या गल्ल्यावर.
टोलीडोत तेव्हा नदीचा दमट वास
सरकत्या दारातून आत येतो
आणि बाहेर डांबर इतकं मऊ होतं
की गाडीची चाकं रुततात.

जुलैच्या मध्यावर ती आली.
आधी कधी पाहिली नव्हती, पण कान ओळखीचे होते.
दोन गॅलन दूध, अंडी, पाव, शेंगदाण्याचं लोणी,
एक कलिंगड, हिरवं, कानाला लावून वाजवून घेतलेलं,
कपड्यांचा साबण,
आणि पिशवीत वाफाळणारी भाजकी कोंबडी.
हातात कार्ड. लिफाफ्याचा डिंक अजून त्याला चिकटलेला.
सुट्टीतल्या किराण्याचं. पोरामागे एकशेवीस डॉलर, अख्ख्या उन्हाळ्याचे.
भागिले दिवस किती,
ते गणित मी केलं नाही.
रांगेतल्या कुणीतरी नक्की केलं असेल.

साबण या कार्डावर बसत नाही, मी म्हटलं.
कोंबडीही नाही. गरम आहे म्हणून.
गार असती तर चालली असती.

तिनं कोंबडीकडे पाहिलं.
किती वेळ लागेल गार व्हायला?
मागचा म्हातारा हसला. ती हसली नव्हती.

तेवढ्यात गाडीमागून टेव्हिन वर आला.
मिस नाल! (मृणाल त्याला कधीच जमलं नाही.)
उन्हाळ्यात तुम्हाला इथं ठेवतात?
आणि माझा चेहरा, समोर आकड्यांची पेटी,
एवढं पुरलं त्याला.
आईच्या आधी हात पुढे करून
सवयीनं दाबलं त्यानं
सात, शून्य, एक, चार.

नंबर चुकीचा आहे, यंत्र म्हणालं.

तो माझ्याकडे बघत राहिला,
मी काहीतरी सांगेन म्हणून.
मी म्हटलं, इथं आईचा लागतो, राजा.
तिनं एका हातानं त्याचं डोकं बाजूला केलं,
दुसऱ्यानं स्वतःचे आकडे दाबले, अंगाआड.
दूध गेलं. अंडी गेली. कलिंगड गेलं.
साबणाचे तिनं सुट्टे मोजले,
शेवटची सात नाणी टेव्हिनच्या खिशातली.
कोंबडी मी मागच्या कट्ट्यावर ठेवली.
बराच वेळ तिचा वास येत होता.

वाढणाऱ्याचा हात सैल असावा, आई म्हणायची.
इथं यंत्र मोजतं, हाताला वाव नाही.
पिशव्या तेवढ्या माझ्या ताब्यात.
म्हणून एकात एक अशा दोन घातल्या,
दुधाला तीन.

तो कलिंगड उचलायला वाकला आणि सरळ झाला
तेव्हा दिसलं,
मे महिन्यात त्याची हनुवटी माझ्या काचेच्या काठाशी यायची,
आता पेटीच्या वर पुरते खांदे.
दोन इंच तरी.
मी काही न वाढता.

पुढचं गिऱ्हाईक, मी म्हटलं.
म्हाताऱ्यानं मांजराचं खाणं पट्ट्यावर ठेवलं.