दोन चाळीसची नोंद

माल्व्हर्नच्या टेकड्यांना पाठ टेकून आमचं लाकडी खोपट.
आत एक टेबल, एक काउंटर,
आणि काडेपेटीएवढ्या भट्टीत
कायम ऐंशी अंशांवर बसवलेला स्फटिक.
छपरावर अळंबीसारखा अँटेना,
अँटेनावर एक लठ्ठ कबूतर.
त्याच्या बुडाखालून उपग्रह बोलतात.

स्फटिक क्षणाचा पक्का, दिवसाचा कच्चा.
उपग्रह उलटा: दर सेकंदाला थरथरतो,
पण महिनाभरात रेसभर ढळत नाही.
दोघांची गाठ मारायची
आणि कुणाचं किती वेळ ऐकायचं ते ठरवायचं.
मी सातशे सेकंद ठरवले. पंचांग बघून नव्हे,
तीन आठवडे आकडे काढून.

मग मोजायचं. पण कशाशी?
दोन घड्याळांत अंतर पडलं तर भांडण तेवढं कळतं,
दोष कुणाचा ते नाही.
तिसरं लागतं, साक्षीला.
म्हणून हेरफर्डच्या लिलावातून जुनं रुबिडियम आणलं,
आगगाडीतून, मांडीवर, झोपलेलं पोर आणावं तसं.
तेही थकलेलं. पण त्याच्या चुका निराळ्या,
आणि तेवढं पुरतं.

आत्याच्या लग्नात घटिकापात्राकडे बघत बसायचं काम माझं होतं.
वाटीला भोक केवढं, पाणी गार की कोमट,
विचारलं म्हणून चापट खाल्ली.

तर, आलेख.
रेघ डावीकडून उतरत येते, एक सेकंद, दहा, शंभर,
आणि हजाराच्या आसपास
एक उंचवटा.
केबल बदलली. कबूतर हाकललं.
शेजारच्या ऑलरटनच्या वेल्डिंगवर आळ घेतला,
मग त्याला लिंबाचं लोणचं नेऊन दिलं.
उंचवटा तिथेच.

शेवटी कच्चे आकडे पसरून बसले.
रोज रात्री दोन चाळीसला
खोपटातलं तापमान दीड अंशानं पडतं.
वारंवारता सरकते:
एकावर अकरा शून्यं, त्यातले तीन भाग.
वीस मिनिटांत सावरते
आणि मूळच्यापेक्षा किंचित वर जाऊन थांबते.
दार उघडलं, दार लागलं,
आणि आत अंदाजे शंभर वॅट.
एक माणूस, बसलेला.

विद्याधर मार्चमध्ये निवृत्त झाला.
दहाला घोरायला लागतो, मला वाटायचं सकाळपर्यंत.
दिवा लावत नाही; लावला असता
तर विजेच्या नोंदीत दिसला असता.
काउंटरचे हिरवे आकडे बघत असेल.
शेवटचे दोन सोडून बाकीचे हलत नाहीत.

सकाळी चहा ओतताना मी काही विचारलं नाही.
तोच म्हणाला, "जमतंय का तुझं?"
"रात्रीचं जरा हलतंय," म्हटलं.
बिस्किट बुडवता बुडवता त्याचं अर्धं कपात पडलं.

भट्टीभोवती थर्माकोलचा एक थर आणखी लावला
की उंचवटा जाईल. थर कापून ठेवलाय, कपाटावर.
वहीत "कारण" या रकान्यात रेघ ओढली
आणि खुर्चीच्या पाठीवर माझी जाड शाल टाकून आले.

त्या रात्री, दोन चाळीस.
उतार नेहमीचाच.
परतीचा चढ मात्र सावकाश:
ऊब कशात तरी गुंडाळली गेल्यासारखी.