निव्वळ वजन

चंद्रपूरच्या शोरूममधून गाडी घेऊन आला
सुयोग बोबडे नावाचा पोरगा,
इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, हातात टॅब.
मारेगावच्या अलीकडे माझ्या धर्मकाट्यापाशी उतरला
आणि आधी रुमालाने बॉनेट पुसलं.
इथं कोळशाचे ट्रक चोवीस तास,
लाल रंग दुपारपर्यंत विटकरी होतो,
हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"शून्य ते शंभर, सात सेकंद, सर."
मी म्हटलं, आठव्या सेकंदाला गतिरोधक आहे.

ज्योत्स्नानं डिकी उघडायला लावली.
घरून आणलेला तुरीचा कट्टा ठेवला, मावला.
पाण्याची कॅन ठेवली. झाकण लागेना.
कॅन काढली, आडवी केली, पुन्हा ठेवली.
सुयोग टॅबमध्ये लिटर शोधत होता.

ओजस छतातून डोकं काढून बसला,
खाली आला तेव्हा नाकपुड्या काळ्या.
स्वरदा म्हणाली, "मधल्या सीटवर मी नाही हं बसणार,
लग्नाच्या फोटोत घुसल्यासारखं वाटतं."
तरी बसली.
माय मागच्या दाराशी उभी राहिली जरा,
मग आधी पाठ आत, मग एक पाय,
मग दुसरा, हातानं उचलून.

बटण दाबलं. स्टिअरिंग जड झालं,
इंजिनाचा गळा बदलला,
आणि वणी रोडवर एका टेम्पोला
मी असं मागे टाकलं
की पोरं किंचाळली, ज्योत्स्नानं वरची कडी धरली.
खरं सांगतो, मजा आली.
एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या
उभ्या राहिलेल्या पाहतोय.
माझ्या धंद्यात गाडी थांबली तरच पैसा.

गतिरोधक आला. सगळे आदळलो.
डिकीमागच्या जागेत अंग चोरून बसलेला सुयोग म्हणाला,
"सस्पेन्शन टाईट असतं, सर. स्पोर्टी फील."
मागून माय, "फील नाई बावा, पाठ हाये थे."

परत आलो आणि लहर आली,
गाडी सरळ काट्यावर घेतली.
सकाळीच हरिदासनं रिकामी मोजली होती, सोळाशे साठ.
आमचा काटा दहा किलोच्या खालचं बोलत नाही.
कट्टा उतरवला, कॅन उतरवली, सुयोग उतरला.
बाहेरच्या फळीवर लाल आकडे, एकोणीसशे वीस.
ओजसनं उडी मारली, अठराशे नव्वद.
स्वरदा, अठराशे चाळीस.
"इकडं पाहू नका," म्हणत ज्योत्स्ना उतरली,
हरिदासनं मुद्दाम मोठ्यानं वाचलं, सतराशे ऐंशी!
पोरं हसून लोटपोट.
मी उतरलो. सतराशे.

माय आतच होती.
दाराची कडी सापडत नव्हती तिला,
आतल्या सगळ्या गोष्टी दाराच्याच रंगाच्या.

भरलेली वजा रिकामी बरोबर निव्वळ,
हा हिशोब मी झोपेतही करतो.
मार्चात सरकारी दवाखान्यात
तिच्या कार्डावर छप्पन लिहिलं होतं.
मी फळीकडे पुन्हा पाहिलं.
हरिदासनं या वेळी वाचलं नाही.

"काय म्हणते रे तुहा काटा?"
"काई नाई माय, बरोबर हाये."

सुयोगनं किंमत सांगितली, हप्ता सांगितला,
जुन्या गाडीचे किती धरतील तेही.
मी विचारलं, जमिनीपासून सीट किती उंच?
त्यानं टॅब वरखाली केला. हे त्यात नव्हतं.
केबिनमधून टेप आणला,
दोघं उकिडवे बसून मोजू लागलो,
मागं एक कोळशाचा ट्रक येऊन हॉर्न देतोय,
आणि आत बसलेली माय विचारतेय,
"ते बटन कोनतं व्हय रे,
ज्यानं टेम्पो मांगं ऱ्हायला?
मले पुढं बसव अन् एक डाव दाब."