इंजिन नंबर

पुण्याच्या माणसाने मला पाठवलंय
वेंगुर्ल्याला, नवाबागेत.
भाव ठरलाय, बयाणा दिलाय,
गाडी खरी आहे का तेवढं बघून या, म्हणाला,
जसं मुलीबद्दल गावात विचारून ये म्हणावं.

जाळ्यांच्या मांगरात ती उभी,
चाकं नाहीत, चार चिऱ्यांवर.
बॉनेटवर सुकत घातलेले बांगडे
आवडाबाईंनी एकेक करून उचलले,
हात पदराला पुसले. बघा, म्हणाल्या.

मी बघतो. धंदाच तो माझा.
चुंबक रुमालात गुंडाळतो, ओरखडा नको,
आणि पत्र्यावरून हळू फिरवत नेतो.
धरतो तिथे लोखंड,
घसरून पडतो तिथे लांबी.
डावं दार निम्मं लांबीचंच निघालं.
मडगार्डाखाली खारा वारा इतका जेवलाय
की बोट आरपार गेलं.
त्याचं काही नाही. गंज खोटं बोलत नाही.
खोटं बोलतात ते नवे स्क्रू.

फेंडरच्या आत, रंगाच्या सहा थरांखाली
नंबर असतो ठोकलेला.
अंगठ्याएवढी जागा खरवडली:
लाल, मग पांढरा, मग कसलासा बिस्किटी,
मग तो. पहिला आकडा नऊ, म्हणजे एकोणसत्तर साल.
एफ, म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना.
शून्य दोन, उतरत्या पाठीची.
आणि एम. मी टॉर्च पुन्हा मारली. एमच.
चार नळांचं, तीनशे एक्कावन्न इंचांचं,
मस्टँग असावी तर अशी.

कागद बिस्किटांच्या डब्यातून आले,
डांबराच्या गोळीचा वास घेऊन.
पहिलं नाव डॉ. केकी बाटलीबोय, कुवेतहून परतलेले.
मग निपाणीचे पट्टणशेट्टी, तंबाखूवाले,
ज्यांनी दोन वर्षांत ती तीनदा गहाण टाकली.
मग मडगावचा कुणी मिनेझिस,
त्याच्या दोन सह्या, दोन वेगळ्या हातांच्या.
तिथे मी पेन्सिलीने फुली केली.
आणि शेवटचं शांताराम मायबा खवणेकर,
सप्टेंबर शहात्तर, धंदा मासेमारी.
मासेमारी करणाऱ्याला ही कशाला हवी होती,
त्याला आरसी बुकात रकाना नाही.

मग बॉनेट उघडलं.

आत ट्रकातलं पर्किन्स. डिझेल.
तेही कधीचं थंड, बेल्टवर कोळ्याचं जाळं.

आवडाबाई, हिचं इंजिन?
त्यांनी हनुवटीने समुद्राकडे दाखवलं.
"थंय. बत्तीच्या भायर, सात वाव."
मला वाटलं थट्टा करतायत.
"लाँचीक बसवल्यानी. एका रातीसाठी म्हणान.
त्या वर्सा सगळेच धावत होते,
कस्टम मागसून, हे फुडसून."
लाँचीत काय होतं ते मी विचारलं नाही,
माझ्या फॉर्ममध्ये तोही रकाना नाही.
"लाँच इली नाय. गाडी रवली."
आणि ते?
"ते इले. पोवान."
थोडं थांबून, बांगडे परतवत,
"म्हयनोभर बोलूक नाय कोणाशी.
हय येवन बसायचे. स्टेरिंग धरून."

संध्याकाळी पुण्याला फोन लावला.
चासी खरी. इंजिन मूळ नाही.
कुठे गेलं?
सापडणार नाही.
मग चार लाख तरी पाडता येतील ना?
मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा.

निघताना नातू भाग्येश विचारायला आला,
खरवडलंत तिथे गंज चढेल, काय लावू?
घरात होता तो होडीचा रंग, निळा.
त्याने बोटानेच फासला, नंबर वाचता येईल इतपत पातळ.
उद्या दुसरा कुणी येईल चुंबक घेऊन,
टॉर्च मारेल, निळं बघून थबकेल,
आणि तिथेही एक फुली करेल.