स्टेपनी

बर्फ लवकर पडलं, डोलोनची खिंड बंद झाली
आणि बिश्केकहून निघालेले दोन परीक्षक
वाटेतल्या चहाच्या टपरीवर अडकले.
फोनवर म्हणाले, तुम्ही सुरू करा.

केलं सुरू.
त्यांच्या जागी बसवला गुरांचा डॉक्टर झानिबेक,
बारा वर्षं मेंढ्यांच्या पोटात हात घालतोय,
कशात जीव आहे हे त्याला कळत असेल, असं धरून चालले.
दुसरी ग्रंथालयातली साइराश,
जी देवालाही दहापैकी सहाच्या वर देणार नाही.
तिसरी मी.

अत-बाशीचं सांस्कृतिक भवन. खुर्च्या एकशे चाळीस,
बसण्याजोग्या एकशे नऊ.
पडदा लग्नाच्या हॉलमधून मागून आणलेला,
मधोमध शिवण,
ती दर वर्षी प्रत्येक नायिकेच्या नाकावरून जाते.
तिकीट नाही. दारात पोतं ठेवतो,
आत येणाऱ्यानं कोळशाचं एक ढेकूळ टाकायचं.
ज्या वर्षी फिल्म्स वाईट,
त्या वर्षी निदान ऊब चांगली असते.

यंदा चौदा आल्या.
त्यातल्या नऊंमध्ये कोणीतरी घोड्यावर बसून
क्षितिजाकडे निघून जातं.
पुढच्या नियमावलीत घालणार आहे:
क्षितिजाला जाऊन परत यावे.

तेरावी तिलेकची. वय सतरा,
तोरुगार्तच्या रस्त्यावर पंक्चर काढतो.
फिल्मचं नाव 'स्टेपनी'.
पेन ड्राइव्ह लावला. फाइल उघडेना.
काढला, फुंकला, पुसला, लावला.
मागच्या रांगेत कोणीतरी बोरसोकची पिशवी सोडली,
म्हणजे आता लोक हातचे जाणार.

तेव्हा तो उठला,
प्रोजेक्टरच्या रिकाम्या निळ्या उजेडात उभा राहिला
आणि म्हणाला, सांगतो.

पहिला शॉट, रात्र. एक ट्रक येतो, चाक बसलेलं.
ड्रायव्हर खाली उतरत नाही.
फोन कानाला. पण बोलत नाही, नुसतं ऐकतोय.
मी जॅक लावतो. माझे हात दिसतात, तोंड नाही.
मग एक लंगडं कुत्रं येतं
आणि इंजिनाच्या उबेला ट्रकखाली जाऊन झोपतं.
चाक बसवून झालं. पैसे दिले.
पण आता निघायचं कसं?
ड्रायव्हर वाकून बघतो. हॉर्न वाजवत नाही.
परत वर चढतो, फोन कानाला लावतो.
इथे चाळीस सेकंद कोणी काही करत नाही,
तिलेक म्हणाला,
आणि चाळीस सेकंद गप्प उभा राहिला.

एकशे नऊ खुर्च्यांतली एकही करकरली नाही.
फक्त शेगडीत कोळसा तडकला.

नंतर आमचं भांडण.
साइराश म्हणाली, न दिसलेल्या फिल्मला बक्षीस कसं?
झानिबेक म्हणाला, मला तर दिसली.
तिनं कागदावर सात लिहिले, खोडले,
परत सात लिहिले.
बक्षीस म्हणजे एक जुना ट्रायपॉड,
त्याचा एक स्क्रू मी अजून शोधतेय.

चार दिवसांनी भाच्यानं फाइल उघडून दिली.
मी एकटीनं पाहिली, स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता,
मग बटाटे बाजूला ठेवून.
सगळं काळोखं, कॅमेरा हलतोय,
कॉम्प्रेसरचा आवाज सगळ्यावरून फिरतोय.
ट्रक आहे. फोन आहे. हात आहेत.
कुत्रं नाही.

दुकानावर गेले. तो टायरला चिकटलेलं रबर खरवडत होता.
मान वर न करता म्हणाला,
त्या रात्री ते आलंच नाही.
आम्ही पहाटेपर्यंत वाट पाहिली. मग बॅटरी संपली.
थोडं थांबून:
काढून घेणार का ट्रायपॉड?

मी म्हटलं, स्क्रू मिळाला की आणून देते.

परवा बाजारात झानिबेक भेटला,
बाह्या वर, कोणाची तरी गाय अडली होती, घाईत होता.
तरी थांबला. म्हणाला,
त्या कुत्र्याचा मागचा पाय, साधा मुरगळलाय, बघून घेतो म्हणावं.
कोणता होता गं?

डावा, मी म्हटलं.