अकरा पानं

कादंबरीत ओबी बांधायला अकरा पानं लागतात.
मोजली मी. चाळीस वर्षं दुसरं केलं काय,
कानाझावाच्या हिगाशी गल्लीत, रोज दिवेलागणीला
गुडघा पाठीला टेकवून
चार मीटर रेशीम ओढायचं,
आणि बाईनं श्वास कुठे ठेवायचा
ते बोटांनी सांगायचं.
अकराव्या पानावर ती एवढंच म्हणते, "थोडं सैल."
आणि पानातला तो माणूस, ज्याला नावही नाही,
सैल करत नाही.

सिनेमात ओबी एका झटक्यात सुटते.
नटी भिंगरीसारखी फिरते, लाल, सोनेरी,
मागे व्हायोलिनं.
शेजारी तोमेगिकुबाई, वय एक्याऐंशी, गालात संत्र्याची फोड,
मोठ्यानं म्हणाल्या, "आतले सहा दोर कुठे गेले?"
पुढच्या रांगेत कुणी तरी हसलं.

मग एक दृश्य आलं, पुस्तकात नसलेलं.
मैफल उठल्यावर ती जिन्यात बसते,
गार भातावर चहा ओतून खाते,
रंगवलेले ओठ वाचवत, मान पुढे काढून.
अर्धं मिनिट. संगीत नाही.
बाईंचं चावणं थांबलं.

बाहेर बर्फ पडत होतं, ओलं, जड, आमच्याकडचं.
विचारलं, खरं कोणतं?
"लिहिणाऱ्याला गाठ ठाऊक होती," त्या म्हणाल्या.
"पण ह्या पोराला भूक कुणी सांगितली?"

कोटाचा पट्टा सुटला होता त्यांचा.
न बोलता पाठ केली माझ्याकडे.
मी बांधला. बोटं आता थरथरतात.
"घट्ट," त्या म्हणाल्या.