एक शीट कमी

प्रेसमध्ये माझी एकतीस वर्षं मोजण्यात गेली.
स्टॅम्पपेपर छापून यायचे, शाईच्या वासाचे,
आणि आम्ही मोजायचो.
एखाद्या दिवशी एक शीट कमी भरायची.
मग सुट्टी नाही. गेट बंद.
साहेबसुद्धा डबा हातात धरून उभे.
रद्दीची पोती उलटी करायची, मशीनखाली बॅटरी मारायची,
आणि नंबर सापडेपर्यंत जेलरोडच्या बायका
भाजी गरम करत बसायच्या, पुन्हा पुन्हा.

हे मी बिमकलाला सांगितलं
ती अर्ज लिहून घ्यायला आली तेव्हा.
बिटको चौकाच्या अलीकडे तिची मोमोची गाडी,
नवरा आमच्या सोसायटीचा वॉचमन.
ती हसली नाही. म्हणाली,
"एका कागदासाठी?"

तिचा दाइ.
दाइ म्हणजे थोरला भाऊ. आपल्याकडे दाई म्हणजे सुईण,
म्हणून पहिला पाव तास मी भलतंच समजत होतो.
मनलाल घर्ती, वय तेवीस, डाव्या भुवईत खोक.
रोल्पाच्या वरच्या अंगाला, मका काढायच्या दिवसांत
रात्री कुणीतरी हाक मारली
आणि तो चप्पल घालून गेला.
चप्पल घालून, हे ती दोनदा सांगते.
म्हणजे लांब जायचंय हे त्याला ठाऊक होतं,
किंवा अंगणात काटे होते, एवढंच.

छापील नमुन्यात दोन चौकोन:
सरकारी फौज. बंडखोर.
योग्य तिथे खूण करा.
"बॅटरी डोळ्यांवर मारलेली, काका.
मागचा माणूस कुठल्या बाजूचा
ते कसं दिसणार?"
दोन्ही चौकोन कोरे ठेवले.
खाली जागा पुरेना, मग समासात लिहिलं, आडवं.

लढाई मिटून वर्षं झाली.
लढलेले एका टेबलाशी बसले, चहा प्याले, मंत्री झाले.
आयोग नेमला. मुदत वाढवली.
माणसं बदलली, परत मुदत वाढवली.
हा तिचा चौथा अर्ज.
पहिल्याचा आवक क्रमांक तिला पाठ आहे,
माहेरचा फोन नंबर पाठ असावा तसा.

गेल्या पितृपक्षात शेजारणीनं तिला रामकुंडावर नेलं.
गुरुजींनी वही सोडली, कोऱ्या पानावर
गाव लिहिलं, कूळ लिहिलं,
मग पेन थांबलं. तिथी?
चांगला माणूस. म्हणाले,
तिथी माहीत नसेल त्यांच्यासाठी सर्वपित्री आहे, बाई.
देह नसेल तर दर्भाचा पुतळा करतात.
शास्त्रात सोय आहे.
पलीकडे कुणाच्या तरी अस्थी पाण्यात सोडत होते,
एक मुलगा मडक्याचा तळ हातानं पुसून घेत होता.
त्या मुलाचा तिला हेवा वाटला.
हे तिनं मला सांगितलं, भाव विचारावा तितक्या सहज.
गुरुजींना म्हणाली,
"अमावास्या सगळ्यांची असते.
मला त्याचा वार पाहिजे."
पान तसंच राहिलं. गुरुजींनी दक्षिणा घेतली नाही.

मध्येच तिनं विचारलं,
"ते गेट कोण बंद करायचं?"
मी म्हटलं, ज्याच्या मोजणीत कमी भरलं तो.
"साधा माणूस?"
साधाच. माझ्यासारखा.
ती बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती.

मग अर्ज वाचायला घेतला.
लिपी तीच, तिला वाचता येतं;
ओळीखालून बोट सरकत गेलं
आणि नावाशी थांबलं.
"हे काय, आधी?"
हाताच्या सवयीनं मी मनलालच्या मागे
'कै.' लिहून ठेवलं होतं.

काय ते सांगितलं.
ती काही बोलली नाही, बोटही उचललं नाही.

खोडलं असतं तर अर्ज डागाळला असता.
नवा कागद घेतला. पहिल्या ओळीपासून.
दाराशी मोमोचं रिकामं भांडं, खाली तिच्या नवऱ्याची
साडेअकराची शिट्टी.
पुरं झाल्यावर मी पानं मोजली. तीन.
परत मोजली.